घाटावरचं वर्तमानपत्र, किनाऱ्यावरचे वाचक

दर वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात दोन मिरवणुका निघतात. एक कन्नड राज्योत्सवाची: लाल-पिवळे झेंडे, चित्ररथ, कानठळ्या बसवणारी गाणी. दुसरी काळ्या दिनाची: दंडाला काळी फीत, सायकली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्याच जुन्या घोषणा. १९५६ साली याच तारखेला बेळगाव मुंबई राज्यातून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडलं गेलं, आणि शहरात हा दिवस कोणाचा सण झाला, कोणाचं सुतक. दुसऱ्या दिवशी काळ्या दिनाचा सविस्तर वृत्तान्त वाचायला मराठी माणूस हातात घेतो तो मुख्यतः बेळगावचा ‘तरुण भारत’.

त्याच नावाचा पेपर त्याच सकाळी मालवणात, वेंगुर्ल्यात, कुडाळात चहाच्या टेबलावर पडलेला असतो. इथल्या माणसाला काळा दिन माहीत असतो, त्याबद्दल आपुलकीही असते, पण त्याची नजर आधी जाते ती दुसरीकडे. मासे कुठे गावले, कोण गेलं, आज रात्री दशावतार कुठे. एकाच शीर्षकाखाली दोन वेगळ्या गरजांचे वाचक. एक सीमेच्या पलीकडे अल्पसंख्य, दुसरा अलीकडे आपल्याच राज्यात बिनघोर. सिंधुदुर्गाच्या लोकांना यात काही नवल वाटत नाही, कारण जन्मापासून तेच पाहिलेलं. पण बाहेरच्याला सांगायला गेलं की मोठी गुंतागुंत उलगडावी लागते.

बेळगावचा ‘तरुण भारत’ १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी सुरू केला. तेव्हाचं बेळगाव हे टिळकांच्या राजकारणाचं मोठं ठाणं. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती इथेच. १९२४ साली महात्मा गांधी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते तेही इथलंच. म्हणजे पेपर निघाला तेव्हा त्याच्यापुढे भाषेचा तंटा नव्हता, इंग्रज होता. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातल्या या जिल्ह्यात मराठी आणि कन्नड दोन्ही शेजारीशेजारी नांदत होत्या. पुढे हुबळीला गेलेलं ‘संयुक्त कर्नाटक’ हे नामवंत कन्नड पत्रही मूळचं बेळगावचंच. दोन्ही भाषांना आपापलं राज्य ‘संयुक्त’ व्हावंसं वाटत होतं, आणि दोघांच्याही नकाशात बेळगाव होतं. पुढच्या भांडणाचं सगळं बियाणं त्यात आलं.

इथे एक गोंधळ मिटवून घेतलेला बरा. नागपूरचा ‘तरुण भारत’ वेगळा, त्याची मालकी आणि विचारसरणीही वेगळी. पण दोघांची गाठ एकदा बेळगावातच पडली. १९४६ साली मराठी साहित्य संमेलन बेळगावला भरलं आणि अध्यक्ष होते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव याच संमेलनात झाला. कादंबरीकार-संपादकाच्या अध्यक्षतेखाली साहित्याच्या मांडवात राज्याच्या सीमेची मागणी व्हावी हे आज कोणाला विचित्र वाटेल; मराठीत तोवर साहित्य, वर्तमानपत्र आणि राजकारण यांच्या भिंती फार उंच नव्हत्याच. आणि माडखोलकर म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस कान टवकारतो, कारण माडखोल हे गाव सावंतवाडीहून आंबोलीकडे, म्हणजे बेळगावच्याच रस्त्याला लागतं.

१९५६ नंतरची कथा मराठी वाचकाला थोडक्यात सांगितली तरी पुरते. निवडणुका, सत्याग्रह, गोळीबार, सेनापती बापटांचं उपोषण. मग १९६६ साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग. महाराष्ट्राने मागितली होती ८१४ गावं आणि बेळगाव शहर. आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली, २४७ गावं उलट दिशेने कर्नाटकाला द्यायला सांगितली, आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने धरून ठेवला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आता मागणी ८६५ गावांची आहे. मधल्या काळात शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, २०१२ साली तिथे सुवर्ण विधानसौध उभा राहिला आणि कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन तिथे भरू लागलं. या सगळ्यात पेपर जागचा हलला नाही. राज्यच त्याच्याभोवतीने फिरलं. काल जो जिल्ह्याचा मराठी पेपर होता तो आज एका भाषिक अल्पसंख्य समाजाचा पेपर झाला.

अशी वर्तमानपत्रं जगात बरीच आहेत, आणि त्यातलं जवळपास प्रत्येक कुठल्या तरी सरकलेल्या सीमेच्या काठावर उभं आहे. जर्मनीच्या उत्तर टोकाला फ्लेन्सबुर्ग शहरात ‘फ्लेन्सबोर्ग अविस’ नावाचं डॅनिश वर्तमानपत्र १८६९ पासून निघतं. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने तो मुलूख गमावला. १९२० साली सार्वमत झालं, उत्तरेकडचा भाग डेन्मार्कला परत गेला आणि फ्लेन्सबुर्ग जर्मनीत राहिलं. इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये ‘डोलोमिटेन’ जर्मन भाषेत निघतं, कारण पहिल्या महायुद्धानंतर तो डोंगराळ भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. सर्बियातल्या नोव्ही साद शहरात ‘मॅग्यार सो’ हे हंगेरियन लोकांचं दैनिक आहे. या मंडळींनी २००१ साली अल्पसंख्य आणि प्रादेशिक भाषांतल्या दैनिकांची युरोपीय संघटनाही काढली. आपल्याकडे बेळगावचं मराठी दैनिक, चेन्नईचं तेलुगू, मुंबईचं गुजराती एका टेबलावर बसून छपाईच्या आणि जाहिरातीच्या अडचणी बोलताहेत असं काही ऐकिवात नाही. बसायला हरकत नव्हती.

यातलं बेळगावशी ताडून पाहावं असं उदाहरण मात्र बोस्नियातलं आहे. तिथल्या सर्बांचं दैनिक ‘ग्लास स्र्प्स्के’. १९४३ साली, जर्मन फौजांशी झुंजणाऱ्या पार्टिझनांच्या मुलखात, द्र्वार गावाजवळ ते नुसत्या ‘ग्लास’ या नावाने निघालं. आज ते बान्या लुका शहरातून निघतं. म्हणजे याचाही जन्म परक्या सत्तेशी लढताना झालेला. त्या वेळी ते युगोस्लाव्हियातल्या एका प्रदेशाचं पत्र होतं. युगोस्लाव्हिया फुटला, १९९२ ते १९९५ युद्ध झालं, आणि डेटन करारानंतर बोस्नियाच्या आत सर्बांचा ‘रिपब्लिका स्र्प्स्का’ हा स्वायत्त भाग राहिला. २०१३ च्या जनगणनेत बोस्नियाच्या लोकसंख्येत सर्ब साधारण ३१ टक्के भरले. आपल्या भागात ते बहुसंख्य, देशात अल्पसंख्य, आणि शेजारी सर्बिया हा त्यांच्याच नावाचा देश. अशा वाचकाचं वर्तमानपत्र रोज तीन राजधान्यांवर डोळा ठेवून निघतं. बान्या लुकात काय झालं, सारायेवोने काय ठरवलं, बेलग्रेड काय म्हणालं. बेळगावच्या मराठी उपसंपादकाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्याही टेबलावर बेळगाव महापालिका, बंगळूर आणि मुंबई अशा तीन थप्प्या असतात, आणि सीमाप्रश्न तापला की दिल्लीची चौथी.

साम्य इथे संपतं. बोस्नियातले सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक एकमेकांचं बोलणं सहज समजतात. त्यामुळे ‘आपला पेपर’ कोणता हे भाषेवरून कमी ठरतं. लिपी, काही ठेवणीतले शब्द, आणि मुख्य म्हणजे इतिहासात कोणाला हुतात्मा म्हणायचं आणि कोणाला मारेकरी, यावरून जास्त ठरतं. हा धोका मोठा. १९९० च्या दशकात तिथल्या सगळ्याच बाजूंच्या वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने युद्धाच्या चुलीत भरपूर लाकडं सारली. बेळगावात दगडफेक झाली, बसना काळं फासलं गेलं, १९५६ आणि १९८६ साली तर माणसं गोळीबारात मेली; पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला गावातून हुसकावलं असं झालं नाही. मराठी-कन्नड भाषा एकमेकींपासून इतक्या दूरच्या आहेत की कोण कोणता पेपर वाचतो यात संशयाला जागा उरत नाही, आणि बाजारात मात्र दोन्ही भाषा येणारी माणसं जागोजागी भेटतात. सकाळी मराठी पेपर वाचून दुपारी कन्नडमध्ये सौदा करणारा व्यापारी ही बेळगावातली अगदी साधी गोष्ट आहे.

अल्पसंख्य समाजाचं वर्तमानपत्र म्हटलं की लोकांना अग्रलेख आठवतात, हुतात्मा दिनाची पानं आठवतात. माझ्या मते त्याचं खरं काम कंटाळवाण्या बातम्यांत असतं. बेळगाव किंवा खानापूर तालुक्यातला एखादा मराठी शेतकरी घ्या. त्याच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बसवरची पाटी कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये. कायद्याच्या पुस्तकात त्याच्यासाठी सोय आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची आणि ३५०-ब कलमात भाषिक अल्पसंख्य आयुक्त नेमण्याची तरतूद आली. ज्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं केंद्राच्या त्याच सालच्या निवेदनात सांगितलं गेलं. मराठी परिपत्रकांची मागणी घेऊन मोर्चे अजून निघतात, यावरून या सोयीचा किती अंमल होतो ते समजावं.

मग तो शेतकरी काय करतो? घरपट्टीत सूट कोणत्या तारखेपर्यंत आहे, पीक नुकसानीच्या अर्जाला कोणते कागद जोडायचे, रेशनकार्डाची दुरुस्ती कुठल्या खिडकीवर, हे सगळं तो मराठी पेपरच्या आतल्या पानावरच्या आठ ओळींत वाचतो. त्या आठ ओळी लिहिणाऱ्या वार्ताहराने कन्नड पत्रक वाचलेलं असतं, कारकुनाला दोन प्रश्न विचारलेले असतात, आणि सरकारी कन्नडचं साधं मराठी केलेलं असतं. सरकारने जे भाषांतर करायचं ते रोज रात्री उपसंपादक करतो, तेही पानाची मुदत गाठून. राज्यातल्या बहुसंख्य भाषेच्या पेपरला हे काम कधी करावं लागत नाही, त्यामुळे त्याच्या वाचकाला त्याची किंमतही कळत नाही.

आता घाट उतरू.

बेळगावचा पेपर मालवणच्या किनाऱ्यावर का रुजला, याचं उत्तर भाषेच्या प्रेमात शोधू नये, रस्त्यात शोधावं. इंग्रजी अमलात बेळगावच्या लष्करी छावणीचं बंदर होतं वेंगुर्ला. माल आणि माणसं तिथे उतरत आणि आंबोलीच्या बाजूने घाट चढत. बंदर मागे पडलं, रस्ता राहिला. आजही सुरमई-बांगडे वर जातात आणि बेळगावची भाजी खाली येते. बरेच आजारी लोक बेळगावच्या इस्पितळात जातात, पोरं तिथल्या कॉलेजांत शिकतात, लग्नाचं कापड तिथून आणलं की त्याचं कौतुक होतं. उलट मुंबई कितीही मायेची असली तरी पाचशे किलोमीटरवर. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी मुंबईची वर्तमानपत्रं येत ती रात्रभर हिंदकळत आलेल्या एसटीने, आणि त्याच्याही आधी बोटीने. पावसाळ्यात बोट बंद. पेपर हातात पडेपर्यंत मुंबईत त्यात भजी बांधून झालेली असत. घाटावरून पहाटे निघालेली गाडी मात्र सकाळी खाली पोचू शकते. ताजी बातमी देणारा पेपर लोक घेतात. त्याचं मुख्य कार्यालय कोणत्या राज्यात आहे हे विचारत बसत नाहीत.

पुढे जिल्हाच वेगळा झाला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला आणि जिल्हा परिषद, कलेक्टर कचेरी, पोलीस अधीक्षक सगळं जवळ आलं. जिल्हा झाला म्हणजे जिल्ह्याची बातमी तयार झाली, आणि जिल्ह्याची बातमी झाली की जिल्हा आवृत्तीला जागा होते. कोल्हापूरच्या ‘पुढारी’पासून मुंबईच्या बड्या पत्रांपर्यंत सगळेच इथे उतरले, २००८ साली निघालेल्या ‘प्रहार’चं तर या जिल्ह्याच्या राजकारणाशी उघडच नातं. सव्वाआठ-साडेआठ लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यात एवढे पेपर कसे चालतात, असा प्रश्न बाहेरचे पत्रकार विचारतात. त्यांनी कुठल्याही मालवणी माणसाला वाचताना पाहावं. तो एक विकत घेतो, दुसरा केशकर्तनालयात वाचतो, तिसरा स्टँडवर उभ्याने चाळतो, आणि मग तिन्हींत काय खोटं आहे ते चौथ्याला सांगतो. बाळशास्त्री जांभेकरांचा हा मुलूख. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या या गृहस्थाने ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. ज्याचं राज्य आहे त्याला आपल्या लोकांचं म्हणणं कळावं आणि आपल्या लोकांना राज्यकर्त्याचं, असा तो बेत. बेळगावचा वार्ताहर कन्नड पत्रकावरून मराठी बातमी करतो तेव्हा त्यातल्या अर्ध्या बेताचं काम अजून चालूच असतं.

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही पेपरचं जिल्हा पान नीट पाहिलं तर इथल्या वाचकाला काय हवं ते कळतं. सर्वांत आधी वाचली जाते ती निधनवार्ता. ‘वृद्धापकाळाने निधन झाले’, मग ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि शेवटी ‘अमुक खात्यातील अमुक यांचे ते वडील होत’. लिहिणारा पानाच्या जागेसाठी हात आखडता घेतो, घरचे मात्र एकही नाव सुटू देत नाहीत. बाहेरच्याला हा साचा हास्यास्पद वाटेल. पण इथे प्रत्येक घराची एक शाखा मुंबईत, एक गोव्यात, एखादी बेळगावात असते. सुतक कोणाला लागतं, जत्रेला कोणी जायचं नाही, लग्न पुढे ढकलायचं का, हे त्या सहा ओळींवर ठरतं. आडनावं सारखी, वाडीत त्याच नावाचे चार जण, म्हणून ‘वडील होत’ ही ओळ लागते. नाहीतर जिवंत माणसाच्या घरी लोक भेटायला जातात. असं झालेलं आहे.

त्यानंतर हंगामाप्रमाणे बदलणारा मजकूर. जत्रा सुरू झाल्या की कुठल्या दशावतारी मंडळाचा प्रयोग कुठल्या देवळात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख, जी पंचांगातून येत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि म्हणूनच खरी बातमी असते. ती जाहीर झाली की मुंबईत रेल्वेच्या आरक्षणाला रांग लागते. पावसाआधी ३१ मेपर्यंत होड्या वर ओढायच्या, कारण १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद. मे महिन्यात आंब्याचा दर. अधूनमधून एखादं मालवणी बोलीतलं सदर, ज्याचा लेखक गावात आमदाराइतका ओळखीचा असतो. बातमी मात्र छापील मराठीत. मालवणीत भांडायचं, मराठीत वाचायचं, ही विभागणी इथे कोणी कोणाला शिकवलेली नाही.

भाषा आणि वर्तमानपत्र यांच्या नात्यातला खरा पेच पाहायचा तर बांद्याच्या पलीकडे, गोव्यात जावं लागतं. बोस्नियाशी तुलना करायचीच तर बेळगावापेक्षा गोवा जास्त जवळचा: एकमेकींना समजणाऱ्या दोन भाषा, आणि कोण कोणाचा हा वाद. सुदैवाने तिथे तो मतपेटीत मिटला. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झालं. पुढच्या वर्षी मडगावात ‘राष्ट्रमत’ निघालं, तेही मराठीच. प्रश्न होता गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की नाही. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला. ‘राष्ट्रमत’ विरोधात, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या बाजूचं सर्वांत धारदार हत्यार ठरलं. कोकणीच्या अस्मितेची लढाई मराठी दैनिकातून लढली गेली, कारण ज्यांचं मत वळवायचं होतं तो गोव्यातला हिंदू वाचक मराठीच वाचत होता. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. दयानंद बांदोडकरांसारखा लोकप्रिय मुख्यमंत्री विलीनीकरणवादी असूनही हे झालं.

म्हणजे पेपर मराठी असला की तो महाराष्ट्राच्या बाजूचा असणारच, हे गृहीतक गोव्यात पार कोसळलं. बेळगावात ते टिकलं, कारण तिथे पर्याय कन्नड हा होता. सिंधुदुर्गात ते कधी कसोटीलाच लागलं नाही.

‘तरुण भारत’च्या आवृत्त्या या तिन्ही मुलखांत निघतात, आणि एकाच समूहाच्या तीन आवृत्त्यांपुढे एकच विषय तीन तोंडांनी उभा राहतो. म्हादई नदी घ्या. ती उगम पावते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, समुद्राला मिळते गोव्यात. कळसा-भंडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेकडे वळवायचं हा कर्नाटकाचा प्रकल्प; गोव्यात त्या बातमीने घराघरात संताप. २०१८ साली लवादाने निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. यावर बेळगावचा वाचक आणि पणजीचा वाचक दोघेही मराठी वाचणारे. पण एकाच्या नळाला येणारं पाणी दुसऱ्याच्या नदीतून जातं. अशा वेळी भाषा मध्यस्थी करत नाही. प्रत्येक आवृत्ती आपल्या गावच्या बाजूने बोलू लागते आणि मुख्य कार्यालयाला ते चालवून घ्यावं लागतं.

आमच्या किनाऱ्यावर असाच विषय आहे मलपीच्या ट्रॉलरचा. उडुपीजवळच्या मलपी बंदरातले वेगवान, मोठ्या ताकदीचे ट्रॉलर रात्री मालवणच्या समुद्रात घुसतात, पारंपरिक मच्छीमाराची जाळी तोडतात, मासळी ओरबाडून नेतात, ही दर हंगामातली तक्रार. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत; महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा, २०२१ साली दंड वाढवून कडक केलेला. कर्नाटकाचे ट्रॉलर म्हटल्यावर याला सीमाप्रश्नाचा रंग देणं सोपं होतं. पण मालवणच्या मच्छीमाराने तो फारसा दिलेला नाही. त्याचं भांडण कन्नड बोलण्याशी नाही, इंजिनाच्या ताकदीशी आहे. आणि तेवढ्याच जोराने तो आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्याच जातभाईंच्या पर्ससीन जाळ्यांशी भांडतो. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले ते याच रेट्याने. इथल्या वार्ताहराला दोन्ही बाजूंचे लोक ओळखतात, दोन्हीकडून जाहिरात येते, आणि बातमी छापून आल्यावर संध्याकाळी बंदरावर त्यालाच उत्तर द्यावं लागतं. बेळगावात शत्रू कोण हे बरंच ठरलेलं असतं. मालवणात ते दर आठवड्याला बदलतं, आणि माझ्या दृष्टीने पत्रकारिता म्हणून हे काम अधिक अवघड.

चळवळीतल्या पेपरला एक खोड लागते, मग तो कुठलाही असो. नेता, संपादक आणि मालक यांच्यातलं अंतर कमी होत जातं. सीमालढ्यात ठाकूर घराणं आधी बाबूरावांच्या आणि मग किरण ठाकूर यांच्या रूपाने नुसतं बातम्या देत राहिलं नाही, नेतृत्वातही राहिलं. त्याशिवाय लढा इतकी वर्षं तगला नसता हे खरं. पण लढ्याच्या आतल्या दुफळ्या, उमेदवारीची भांडणं, चुकलेले डाव यांचं परखड परीक्षण अशा रचनेत कोणी करायचं, हाही प्रश्न उरतोच. बेळगावच्या मराठी मतदाराने त्याचं उत्तर आपल्या पद्धतीने दिलेलं दिसतं. २०१३ साली सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार कर्नाटक विधानसभेत होते. २०१८ साली एकही नाही, २०२३ साली एकही नाही. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या, आणि त्यांत मराठी नावं भरपूर होती. तरी मराठी पेपर वाचणं कोणी सोडलेलं नाही. वाचक म्हणून तो मराठी राहिला, मतदार म्हणून आणखी काही काही झाला. वर्तमानपत्र एखाद्या समाजाचं असतं म्हणजे त्या समाजाची मतं त्याच्या खिशात असतात असं नाही, हे बान्या लुकापासून बेळगावपर्यंत कुठेही खरं.

खप, जाहिरात, मोबाईल यांची चिंता सगळ्याच छापील पत्रांना आहे. भाषेच्या काठावरच्या पेपरला त्याच्या आधीची एक चिंता असते, ती म्हणजे वाचायला शिकणारी मुलं. बेळगाव परिसरात दर जूनमध्ये मराठी शाळांच्या प्रवेशाच्या बातम्या ठळक येतात, पटसंख्या किती, वर्ग टिकला का, शिक्षक मराठीचा आला की कन्नडचा. आईबापांना इंग्रजी माध्यम हवं असतं आणि राज्याला कन्नड हवी असते. मराठी शाळा या दोघांच्या मध्ये. एक वर्ग बंद पडला तर वीस वर्षांनी किती वाचक कमी होतील, हा हिशेब तिथल्या संपादकाला तोंडपाठ असणार.

घाटाखाली भाषेचं भांडण नाही, मराठी शाळेला कोणाचा विरोध नाही, तरीही जूनमधल्या बातम्या तशाच असतात. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या होती ८ लाख ६९ हजारांच्या घरात. २०११ साली ती घटून ८ लाख ५० हजारांवर आली. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला गेले, जन्म कमी झाले, आणि वाडीवाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीला दोन-तीन मुलं उरली. जिल्हा पानावर या शाळांची यादी येते ती बहुधा निधनवार्तांच्या शेजारच्याच स्तंभात, आणि तिच्याखाली मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेची सूचना असते.